पुढचा कट किती?

धातू असो की लाकूड, जाड माल एका दमात कापून होत नाही. हत्यार एकदा फिरते, एक थर निघतो. मग ते थोडे खाली उतरवायचे आणि त्याच वाटेने पुन्हा फिरवायचे. वर्कशॉपच्या भाषेत हा ‘कट’. पहिला कट, दुसरा कट, शेवटचा फिनिशिंग कट. दोन कटांच्या मधे काही क्षण हत्यार मोकळे असते आणि तेवढ्यात कुणीतरी ठरवायचे असते की पुढचा कट किती द्यायचा. यंत्रविद्येचा इतिहास वाचताना माझ्या लक्षात येत गेले, की गेली सव्वादोनशे वर्षे या काही क्षणांच्या मालकीवरून मोठी ओढाताण चाललेली आहे. त्या ओढाताणीत शोधक आहेत, कारखानदार आहेत, अमेरिकेचे हवाई दल आहे आणि एक कादंबरीकारही आहे. अलीकडे हौशी लोकांच्या घरात, गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये, टेबलावर मावणारी सीएनसी राउटर यंत्रे आली आहेत. तिथे तोच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे.

आधी हा प्रश्न इतका अवघड का, ते पाहू. अठरा मिलिमीटर प्लायवूडमधून एक आकार कापून काढायचा आहे आणि राउटरमध्ये सहा मिलिमीटर व्यासाचे कटर बसवले आहे, असे समजा. बरेच हौशी लोक कटरच्या व्यासाच्या निम्म्याइतकी खोली घेतात, म्हणजे तीन-तीन मिलिमीटरचे सहा कट. कागदावर हिशेब चोख बसतो. प्रत्यक्षात प्लायवूडचे थर एक उभे, एक आडवे असतात, मधे डिंकाचा पापुद्रा असतो, कुठे गाठ असते, फळीला किंचित बाक असतो. शिवाय कटर म्हणजे एका टोकाला धरलेली सळई. तिच्यावर बाजूने जोर आला की ती वाकते, आणि किती वाकते याचा नियम निर्दय आहे. व्यास निम्मा केला तर वाकणे सोळापट होते. बाहेर राहिलेली लांबी दुप्पट केली तर आठपट. म्हणून पहिल्या कटाला शांत असलेले यंत्र चौथ्या कटाला ओरडू लागते. चर खोल झालेली असते, भुसा बाहेर पडत नाही, कटर तापते. उलट कधी खोली अजिबात न वाढवता त्याच वाटेवरून एक फेरी पुन्हा मारली तरी थोडा माल निघतो, कारण आधीच्या फेरीत वाकलेले कटर आता सरळ होऊन चालते. इंग्रजीत अशा फेरीला ‘स्प्रिंग पास’ म्हणतात. सांगितलेली खोली आणि कापलेली खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे यातून घ्यावे. पुढची सगळी गोष्ट या फरकाभोवती फिरते.

हत्यार हातात धरले जात होते तोवर प्रश्न वेगळा विचारावाच लागत नव्हता. आपल्याकडचा कातारी चरकावर लाकूड कातताना पटाशी टेकवतो तेव्हा खोली आणि वेग या दोन गोष्टी त्याच्या मनगटात एकत्रच असतात. माल कठीण लागला की हात आपोआप मागे येतो. युरोपातला धातू कातणारा कारागीरही अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत बहुधा असेच काम करी.

लंडनच्या हेन्री मॉडस्लेने हे बदलले, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ते पुरते खरे नाही. हत्यार लोखंडी पकडीत बसवून सरकवण्याची युक्ती त्याच्या आधी फ्रान्समध्ये माहीत होती. दिदेरोच्या विश्वकोशातल्या चित्रांत ती दिसते. मॉडस्लेचे श्रेय असे, की जोसेफ ब्रामाच्या कुलुपांच्या कारखान्यातून १७९७ साली तो बाहेर पडला (आठवड्याला तीस शिलिंगांहून जास्त पगार मिळेना म्हणून) आणि पुढच्या तीन-चार वर्षांत त्याने ही सरकती पकड, अचूक आटे पाडलेला लांब स्क्रू आणि बदलते गिअर यांची एका लेथवर सांगड घातली. कार्ल मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये या सरकत्या पकडीची मुद्दाम दखल घेतली आहे. या जोडाने एखाद्या हत्याराची नव्हे, तर खुद्द हाताची जागा घेतली, असा त्याचा मुद्दा.

मला हे अर्धेच पटते. धरण्याचे काम हाताकडून गेले, हे खरे. पण पकड पुढे ढकलणाऱ्या स्क्रूला एक मूठ होती, आणि पुढे त्या मुठीभोवती रेघा आखलेली चकती आली. ती मूठ किती रेघा फिरवायची, हे माणूसच ठरवत होता. उलट आता त्याच्या निर्णयाला आकडा मिळाला. आपल्या वर्कशॉपमध्ये इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात आणि हजाराव्या भागाला ‘थाऊ’. एकाच टर्नरच्या तोंडी हे दोन्ही शब्द असतात. सुताने तो माल मागवतो, थाऊने कट देतो. हत्यार मालाला टेकले की नाही हे पाहायला सिगारेटचा पातळ कागद मधे धरायचा, कागद अडकला की चकती शून्यावर आणायची, एक हलका कट घ्यायचा, मापायचे आणि मग उरलेले किती ते ठरवायचे. जगभरच्या टर्नरांची ही रीत. तिच्यात पुढच्या कटाचा निर्णय आधीच्या कटाने काय सांगितले ते ऐकून होतो.

लाकडाच्या बाबतीत एक वेगळी वाट अमेरिकेत निघाली. थॉमस ब्लँचर्डने १८१९ साली बंदुकीचे दस्ते कातणाऱ्या लेथचे पेटंट घेतले. एका बाजूला दस्त्याचा नमुना फिरतो, त्यावर एक चाक घासत जाते आणि त्याच्या हालचालीनुसार दुसऱ्या बाजूचे कटर लाकूड तासते. दस्त्यासारखा वेडावाकडा आकार, पण कारागिराने तो डोळ्यांनी जोखायची गरज उरली नाही. आकार आणि खोली दोन्ही नमुन्यात साठवलेली. पुढे धातूसाठीही अशी नक्कलयंत्रे आली. त्यांचा नमुना मात्र कुणाला तरी हातानेच घडवावा लागे, हे लक्षात ठेवायला हवे.

निर्णयावर उघड हल्ला चढवला तो फ्रेडरिक टेलरने. फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू घरातला हा मुलगा हार्वर्डला जायचा, तो डोळ्यांच्या त्रासाचे निमित्त होऊन कारखान्यात शिकाऊ म्हणून शिरला. आधी लाकडी पॅटर्न करणारा, मग मशीनिस्ट. १८७८ साली तो मिडव्हेल स्टील कंपनीत आला आणि लवकरच लेथ चालवणाऱ्यांचा मुकादम झाला. कामगार मुद्दाम कमी काम काढतात, अशी त्याची खात्री होती. दोन-तीन वर्षे त्याचे आणि कामगारांचे अक्षरशः युद्ध चालले. त्यात त्याला एक गोष्ट जाणवली. एखादे काम किती वेळात व्हावे हे कामगाराला ठाऊक आहे, आपल्याला नाही. अज्ञान मालकाच्या बाजूला आहे.

१८८० साली त्याने कंपनीचे प्रमुख विल्यम सेलर्स यांच्याकडून प्रयोगांची परवानगी घेतली. सहा महिन्यांत आटपेल असे वाटलेले काम सव्वीस वर्षे चालले. रेल्वे इंजिनांच्या चाकांच्या पोलादी धावा एका मोठ्या बोरिंग मिलवर चढवून हत्याराचा आकार, वेग, सरक आणि कटाची खोली यांतली एकेक गोष्ट बदलत तो नोंदी करत गेला. १९०६ च्या डिसेंबरात अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष या नात्याने त्याने धातू कापण्याच्या कलेवरचा आपला प्रचंड निबंध वाचला. त्यात दिलेले आकडे असे: तीस ते पन्नास हजार प्रयोग, आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा चुरा, दीड ते दोन लाख डॉलर खर्च. कटावर परिणाम करणाऱ्या बारा गोष्टी त्याने मोजल्या. कटाची खोली त्यांतली एक, आणि मालाचे व हत्याराचे लवचीकपण ही दुसरी. म्हणजे हत्यार वाकते, थरथरते, हे त्याच्या यादीत होते.

टेलरच्या प्रयोगांतून निघालेली एक गोष्ट आजही शिकवली जाते. हत्याराची धार सर्वांत झपाट्याने मारतो तो वेग, त्याखालोखाल सरक, आणि सर्वांत कमी खोली. म्हणून जड यंत्रावर माल झटपट उडवायचा असेल तर खोली जास्तीत जास्त घ्या, मग सरक वाढवा, वेगाला शेवटी हात लावा. हा सल्ला त्या कारखान्यांत उपयोगी पडला. घरगुती राउटरला तो जवळजवळ उलटा लागू होतो. तिथे धार मरण्याच्या कितीतरी आधी यंत्राचा सांगाडाच हलू लागतो, आणि खोली हीच पहिली कमी करावी लागते. सिद्धांत चुकीचा नव्हता. तो ज्या बिडाच्या जड धुडांवर बेतला होता ती धुडे इथे नाहीत.

पण टेलरला सिद्धांत हवा होता तो टर्नरला शिकवण्यासाठी नव्हे. बारा चलांचे गणित कोणा कामगाराला लेथपुढे उभ्या उभ्या सुटणार नाही, हे त्याला उघड दिसत होते, आणि ते गणित आपल्या कचेरीत सुटेल हेही. त्याचा सहकारी कार्ल बार्थ याने त्यासाठी खास सरकपट्ट्या तयार केल्या. पट्टी सरकवली की अमुक लेथवर अमुक मालासाठी वेग आणि सरक किती, ते हाती येई, आणि सूचनांचे कार्ड कामगाराच्या हाती दिले जाई. कागद टेकवून, एक कट घेऊन, ऐकून ठरवणारा माणूस आता कार्ड वाचणारा व्हावा, ही योजना होती. मूठ मात्र अजून त्याच्याच हातात होती, आणि कार्डावर काहीही लिहिलेले असले तरी ती शेवटी तोच फिरवी.

मूठही काढून घेण्याची वेळ दुसऱ्या महायुद्धानंतर आली, आणि तीही कामगारांना शह द्यायचा म्हणून नव्हे. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीचा जॉन पार्सन्स सिकोर्स्की कंपनीसाठी हेलिकॉप्टरची पाती करत असे. पात्याचा छेद एका वक्ररेषेत असतो आणि त्याचा साचा अचूक हवा. त्याचा अभियंता फ्रँक स्टुलेन याने आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रावर त्या वक्राचे दोनशे बिंदू काढले. मग मिलिंग मशीनवर एकेका बिंदूपाशी जाऊन कटर ठरलेल्या जागी उतरवायचे. कडेला राहिलेले छोटे उंचवटे कानशीने घासून काढायचे. आकड्यांनी कापण्याची ही कल्पना घेऊन पार्सन्स हवाई दलाकडे गेला. १९४९ साली त्याला कंत्राट मिळाले, आणि त्याने एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेला मदतीला घेतले. पुढे प्रयोगशाळेने प्रकल्पच आपल्या हातात घेतला, त्याची कडवट कथा वेगळी आहे. १९५२ च्या सप्टेंबरात सिनसिनाटी कंपनीचे एक मिलिंग मशीन भोकांच्या कागदी पट्टीवर तिन्ही दिशांना चालवून दाखवण्यात आले. त्याचा नियंत्रक निर्वात नळ्यांनी भरलेला होता. डावे-उजवे, मागे-पुढे यांच्याबरोबर वर-खालीही आता पट्टीवर गेले होते. सगळ्या कटांची खोली काम सुरू होण्याआधीच ठरलेली.

त्याच सुमारास एक दुसरी वाट उपलब्ध होती, आणि मला तिच्याबद्दल राहून राहून कुतूहल वाटते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये ‘रेकॉर्ड-प्लेबॅक’ म्हणून एक पद्धत विकसित झाली. कुशल मशीनिस्टने पहिला नग नेहमीसारखा हाताने करायचा. त्याच्या हालचाली चुंबकीय टेपवर नोंदल्या जातात, आणि पुढचे नग यंत्र ती टेप वाजवून करते. इथे खोलीचा निर्णय त्याचाच राहतो, कट ऐकून घेतलेला. ही पद्धत मागे पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात मांडले, की ती तंत्रदृष्ट्या कमी पडली म्हणून नव्हे, तर तिच्यात कौशल्य कामगाराकडे राहत होते म्हणून नाकारली गेली. हवाई दलाने शंभराहून अधिक संख्यानियंत्रित यंत्रे स्वतः विकत घेऊन कंत्राटदारांकडे बसवली, तेव्हा कुठे या तंत्राला बाजार मिळाला, हा त्याचा पुरावा भक्कम आहे. निष्कर्ष मात्र मला थोडा ताणलेला वाटतो. विमानाच्या पंखाचा तिन्ही दिशांनी वळणारा पृष्ठभाग मुळात कोणाच्याच हाताला सलग कापता येत नव्हता. जे हाताने करता येत नाही त्याची टेप कशी भरणार? पण साध्या कामांना, म्हणजे कारखान्यांतल्या बहुसंख्य कामांना, हा आक्षेप लागू पडत नाही. तिथे नोबलचे म्हणणे मान्य करावे लागते.

जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी विभागात तेव्हा कर्ट व्होनेगट नावाचा तरुण नोकरीला होता. एका यंत्राला आपोआप कापताना त्याने तिथे पाहिले आणि नोकरी सोडून ‘प्लेयर पियानो’ ही आपली पहिली कादंबरी लिहिली. प्रकाशन १९५२, म्हणजे एमआयटीच्या प्रात्यक्षिकाचेच वर्ष. तिच्यात रूडी हर्ट्झ नावाचा लेथवरचा उत्तम कारागीर आहे. तरुण अभियंते त्याच्या हालचाली टेपवर नोंदवून घेतात आणि नंतर त्याला बिअर पाजायला नेतात. रूडीला आपली निवड झाल्याचा अभिमान वाटतो. त्याची टेप पुढे कितीतरी लेथ चालवते आणि रूडीला काम उरत नाही. नोबल ज्या पद्धतीत कामगाराची आशा पाहतो, तिच्यातच व्होनेगटला त्याचा शेवट दिसला होता. कादंबरीकाराचे ऐकावे असे मला वाटते. कौशल्य कोणाचे, एवढ्यावर भागत नाही, नोंदलेली टेप कोणाच्या कपाटात राहते तेही पाहावे लागते. मराठीत ‘किर्लोस्कर खबर’ १९२० साली एका कारखान्यातूनच जन्माला आली आणि पुढे मोठे वाङ्मयीन मासिक झाली. यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नेमके काय असते, हा विषय मात्र आपल्या कथा-कादंबऱ्यांच्या वाट्याला फारसा आला नाही.

पट्टीने निर्णय आधी घेतला तरी हत्यार झिजायचे थांबत नाही. दहाव्या नगापर्यंत धार थोडी मागे सरलेली असते, माप वाढते, आणि पट्टीला त्याचा पत्ता नसतो. म्हणून नियंत्रकावर ‘ऑफसेट’ची सोय आली. हत्याराच्या जागेत इतके हजारांश मिळवा, असे सांगणारे आकडे ऑपरेटरने घालायचे. तसेच सरक कमी-जास्त करणारी एक खुंटी आली. कारखान्यात ऑपरेटर ती सत्तर-ऐंशी टक्क्यांवर ठेवून काम करत, आणि व्यवस्थापनाने त्याला आजाराचे नाव दिले होते, असे नोबल सांगतो. त्यात संथपणाचा डाव किती आणि हत्यार वाचवण्याची काळजी किती, हे बाहेरून सांगता येत नाही. एवढे खरे, की सगळा निर्णय काढून घेऊन झाल्यावरही दोन छोट्या जागा परत द्याव्या लागल्या.

यानंतरची तीस-चाळीस वर्षे मी भरभर ओलांडतो. पट्टीवरच्या आज्ञांचे प्रमाणीकरण झाले. ‘आरएस-२७४’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या लिपीला सगळे जी-कोड म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने नव्वदच्या दशकात लिहिलेला नियंत्रक सार्वजनिक होता. हौशी लोकांनी तो उचलला, आणि आज तो लिनक्ससीएनसी म्हणून चालतो. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुडने ‘जीआरबीएल’ हा नियंत्रक आर्डुइनोच्या बोटभर चिपवर बसवला. त्यानंतर सीएनसी राउटर मोबाइल फोनच्या किमतीत येऊ लागले. माझ्याकडचे यंत्र तीस बाय अठरा सेंटिमीटरचे आहे. पार्सन्सचे पाते त्यावर मावणार नाही, पण खोलीचा प्रश्न पुरेपूर मावतो.

जीआरबीएलची चिप इतकी लहान, की त्यात ‘हीच फेरी सहा वेळा कर, दर वेळी तीन मिलिमीटर खाली जा’ असे सांगायची सोयच नाही. मोठ्या कारखानी नियंत्रकांत उपप्रोग्रॅम आणि पुनरावृत्ती असते. इथे संगणकावरचा प्रोग्रॅम सहाही फेऱ्या सुट्या सुट्या लिहून काढतो आणि प्रत्येकीची खोली आधीच ठरवून टाकतो. काम चालू असताना सरक कमी-जास्त करता येते, कटरचा वेग बदलता येतो. खोली बदलता येत नाही. कारखान्यातल्या ऑपरेटरला दिलेली खुंटी इथेही मिळाली, मूठ नाही.

यावर हौशी लोक जी युक्ती करतात ती मला या सगळ्या इतिहासात फार लक्षणीय वाटते. ते सहा फेऱ्यांची फाईल करतच नाहीत. एकाच फेरीची करतात, शून्य खोलीवर. कटर कागदाला टेकवून वरचा शून्य ठरवायचा (साध्या कागदाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरायची), मग शून्य तीन मिलिमीटर खाली सरकवायचा आणि फाईल चालवायची. फेरी संपली की थांबायचे. भुसा झाडायचा, कड बोटाने चाचपायची, यंत्र कुठे ओरडले ते आठवायचे. चांगले गेले असेल तर शून्य पुन्हा तीनने खाली. ओरडले असेल तर दोनने. तळाशी पोचत आले, की दोन-तीन दशांशाचा पापुद्रा ठेवायचा, म्हणजे सुटलेला तुकडा कटरमध्ये अडकून उडत नाही. तो पापुद्रा नंतर सुरीने कापायचा. किंवा शून्य जिथल्या तिथे ठेवून तीच फेरी एकदा कोरडी मारायची आणि वाकलेल्या कटरने सोडलेले काढून घ्यायचे. आज्ञा तीच, शून्य बदलत जातो. आपण यंत्राला फसवून मूठ परत मिळवलेली असते. यात वेळ जातो. पन्नास नग काढणाऱ्याला हे परवडणार नाही आणि त्याने हे करूही नये.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात एक अडचण दिसते. सरकवलेला शून्य चिपच्या स्मृतीत राहतो आणि पुढच्या कामाला पुसला जातो. फाईल जशीच्या तशी असते. ती उघडून पाहणाऱ्याला दिसते एक फेरी, खोली शून्य. तीन, तीन, दोन, तीन असे कोणी का ठरवले, याची नोंद कुठेच नाही. टेलरच्या आधीच्या टर्नरांनी दिलेले कट असेच कागदावर आले नाहीत, आणि म्हणून त्यांच्याबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक टेलरने लिहिलेले असते. माझ्या राउटरवर मालाखाली एमडीएफची एक फळी असते, कटर आरपार गेले तर बिछान्याला लागू नये म्हणून. तिच्यावर आता दोनेक वर्षांच्या चऱ्या एकमेकींना छेदत गेल्या आहेत, काही केसाएवढ्या, काही चांगल्या सूतभर खोल. शेवटचा कट नेमका किती गेला, हे फक्त तिथे मोजता येते.